बिल नसलेला लॅपटॉप

आमच्या दुकानात ज्या लॅपटॉपवर बिलं निघतात, त्याच्या कळांवर इंग्रजीच्या शेजारी थायलंडची अक्षरं छापलेली आहेत. सुरू केला की कळांखाली लाल दिवे लागतात. बियाण्याची पाकिटं, फवारणीचे पंप आणि उंदीर मारायच्या गोळ्या यांच्या मधोमध तो असा पेटून बसतो की नवीन गिऱ्हाईक आधी त्याच्याकडे बघतं आणि मग माझ्याकडे. उंद्री गावाकडचे एक म्हातारे दर हंगामात विचारतात, "हे कोन्ते अक्षरं हायेत भाऊ? मोडी काय?" पहिल्या वर्षी मी खरं सांगितलं. त्यांचा विश्वास बसला नाही. दुसऱ्या वर्षापासून मी "हो, मोडीच" म्हणतो. त्यांना बरं वाटतं.

हा लॅपटॉप बिलांसाठी आणलेला नव्हता. तो कॉम्प्युटरवरचे खेळ बनवायला शिकण्यासाठी आणला होता. ज्या मुलीसाठी आणला, ती माझी पुतणी आज त्याच्यावर बिलं करते. हे कसं झालं ते लिहून ठेवावं असं बरेच दिवस मनात होतं. लिहिलं नाही, कारण लिहायला बसलं की त्यात माझी बाजू फारशी निघत नाही.

अमडापूरहून चिखलीकडे येताना लागणाऱ्या एका मोठ्या गावात माझं कृषी सेवा केंद्र आहे. बियाणं, खत, औषध. औषध म्हणजे विष, पण आमच्या धंद्यात तो शब्द उच्चारायची पद्धत नाही. शेतीत मी कधी रमलो नाही. जमीन थोरला भाऊ करतो, माझ्या वाट्याचीही. मी गल्ल्याच्या खणात पुस्तक उघडं ठेवून दुकान चालवलं. तालुक्याच्या वाचनालयाची इतकी पुस्तकं माझ्याकडून कीटकनाशकाचा वास घेऊन परत गेली की ग्रंथपालांनी त्यांच्यासाठी खिडकीजवळची वेगळी फळी केली होती. आम्हाला मूल नाही. घर एकच, चूल एकच, आणि त्या घरात जे काही लाड व्हायचे ते भावाच्या या एकुलत्या एक मुलीचे.

बारावी झाल्यावर तिनं डी.एड. नको म्हटलं, इंजिनिअरिंगही नको म्हटलं, आणि पुण्याचा एक अभ्यासक्रम शोधून आणला. खेळांची चित्रं काढायची, माणसं चालती करायची, झाडं हलती करायची. भाऊ गोठ्यातून हात धुऊन आला आणि ओट्यावर बसून त्यानं सगळं ऐकून घेतलं.

"खेळ बनवाची बी डिग्री रायते का बे?" त्यानं मला विचारलं.

"रायते म्हनते."

"मंग त्याची नौकरीबी असन." आणि पोरीकडे वळून म्हणाला, "जाय. पन तिथं जाऊन नुसती खेळत बसजो नको."

मला वाटलं होतं, महिनाभर वाद चालेल. तो एवढ्यात संपला. त्याच्या डोक्यात हिशेब सरळ होता: पहिल्या वेच्याचा कापूस घराला, दुसऱ्या-तिसऱ्या वेच्याचा पोरीच्या पुण्याला.

ती ऑगस्टात गेली. दिवाळीला आली तेव्हा तिनं सांगितलं की जानेवारीपासून प्रत्येकाला स्वतःचा लॅपटॉप लागेल, आणि साधा चालणार नाही. बुलढाण्याच्या दुकानदारानं त्याचं नाव सांगितलं, गेमिंग लॅपटॉप. आणि मागवावा लागेल म्हणाला. भाऊ त्याला "खेळाचा लॅपटॉप" म्हणू लागला. मार्चमध्ये वर्षाचा प्रकल्प द्यायचा, तो नापास झाला तर वर्ष गेलं, आणि तो या मशीनशिवाय होत नाही, एवढं आम्हा सगळ्यांना समजलं होतं. आणि नेमकी त्याच साली माझी स्कीम बसली होती, म्हणून तो मी बँकॉकहून आणायचा असं ठरलं.

स्कीम बसणं म्हणजे काय ते सांगतो. कंपनी विक्रेत्याला आकडा देते. त्यांच्या बीटी कापसाची एवढी पाकिटं विकली की परदेशवारी. कोणत्या जमिनीत कोणतं वाण पेरावं हे मातीच्या पोतावरून ठरवावं, असं कृषी विद्यापीठाच्या पुस्तिकेत लिहिलेलं असतं. प्रत्यक्षात ते विक्रेत्याला कोणत्या देशात जायचं आहे यावरून ठरतं. मागच्या साली नोटाबंदीनं सगळ्यांचीच स्कीम बुडवली होती, म्हणून या साली कंपन्यांनी आकडे खाली आणले होते. माझा आकडा गाठायला थोडी पाकिटं कमी पडत होती. भाऊ दरवर्षी दुसरं वाण पेरायचा. मी म्हटलं, "भाऊ, या साली हे पेरून पाह्य, बोंड मोठं हाय." तो बरं म्हणाला. पाकिटं मीच बैलगाडीत ठेवली.

त्याचं बिल केलं नाही. आमच्याकडे घरच्या माणसाला बिल करत नाहीत. ते केलं तर त्याला परका म्हटल्यासारखं होतं. माझ्या गल्ल्याच्या मागे तेव्हाही पाटी होती आणि आजही आहे: बियाणे घेताना पक्के बिल घ्यावे, रिकामे पाकीट व टॅग पीक निघेपर्यंत जपून ठेवावे. त्या पाटीकडे पाठ करून मी वीस वर्षं बसत होतो.

आणखी एक. बीटीच्या प्रत्येक पाकिटात साध्या कापसाची एक लहान पुडी असते. ती शेताच्या कडेनं पेरायची, म्हणजे अळीला बीटी पचवायची सवय लागत नाही. लोक विचारायचे, ही पुडी कशाची? आम्ही विक्रेते सांगायचो, नाही पेरली तरी चालते. भावानंही विचारलं होतं. त्यालाही मी तेच सांगितलं.

मी निघायच्या आधी गावानं चौकात फ्लेक्स लावला. "परदेश दौऱ्यास हार्दिक शुभेच्छा." फोटोतल्या माझ्या डोळ्यांवर काळा चष्मा चढवला होता, मागे विमान होतं, आणि विमानाच्या वर गावातल्या अकरा पुढाऱ्यांची मुंडकी गोल चौकटीत उडत होती. जन्मभर मी अशा फ्लेक्सांना हसलो. स्वतःचा लागला तेव्हा दोन वेळा लांबून जाऊन पाहिला, आणि तिसऱ्या वेळी बायको सोबत होती.

बँकॉकमध्ये आम्हा सगळ्यांना एकाच रंगाचे टी-शर्ट आणि टोप्या मिळाल्या, हरवलो तर सापडावं म्हणून. पहिल्या दिवशी हॉटेलच्या गार सभागृहात सभा झाली. कंपनीचे मोठे साहेब म्हणाले, "तुम्ही विक्रेते नाही, तुम्ही शेतकऱ्याचे डॉक्टर आहात." टाळ्या झाल्या. डॉक्टरांपैकी निम्मे आदल्या दिवशीच्या प्रवासानं खुर्च्यांवर झोपले होते. मग प्रत्येकाच्या गळ्यात पट्टा घालून फोटो काढले. तो पट्टा अजून घरी आहे. पोळ्याला बैलाला घालावा असा विचार एकदा आला होता.

माझ्या खोलीत धाड गावचे एक बियाणं-व्यापारी होते. तिसऱ्या पिढीचं दुकान, शांत माणूस, पाच वेळची नमाज, आणि बाहेरचं खायला नको म्हणून बायकोनं दिलेला नानखटाईचा डबा. मी विमानात पुस्तक काढलं तेव्हापासून ते मला मास्टर म्हणू लागले. तिसऱ्या दिवशी सगळे समुद्र बघायला गेले तेव्हा ते माझ्यासोबत लॅपटॉपच्या बाजारात आले.

सहा मजली इमारत होती, आणि सहाही मजल्यांवर फक्त कॉम्प्युटर. चौथ्या मजल्यावर, सरकत्या जिन्याच्या डाव्या हाताला एका दुकानात पुतणीनं कागदावर लिहून दिलेलं जुळलं. विकणारी मुलगी आमच्या पुतणीपेक्षा फार मोठी नसेल. तिनं खेळ लावून दाखवला. एक घोडेस्वार गवतातून जात होता आणि गवताची पात न् पात वाऱ्यावर वेगळी हलत होती.

"वा," धाडवाले म्हणाले, "इतना अच्छा घास तो अपने यहाँ बारिश में भी नहीं होता."

मी भावाला फोन लावला. दुपारची वेळ होती.

"भाऊ, भेटला. दोन रंग हायेत, काळा अन् करडा."

"काळा घे. करडा धुळीत लय मळते."

"कळांवर इथली अक्षरं हायेत थोडी. चालन का?"

"तिले इचार. तिले चालन त आपल्याले काय."

"कापूस कसा हाय?"

"हाय. तू तुझं पाह्य. हलक्यातला घेऊ नको, तिनं सांगतला तोच घेजो."

"दुसरा वेचा लागला का?"

"लागन." मग म्हणाला, "तिकडं पाऊस हाय काय?"

भावानं आयुष्यात दुसऱ्या देशाच्या पावसाची चौकशी केली नव्हती. मला वाटलं, परदेशात बोलतोय म्हणून रीत पाळतो आहे. मी नाही म्हणालो, लॅपटॉप घेतला, आणि आम्ही दोघं दोन नारळ पिऊन परतलो.

निघायच्या सकाळी खामगावकडचे एक शेठ खोल्याखोल्यांतून फिरत होते. हा त्यांचा आठवा देश, म्हणून सगळ्यांचे सल्लागार तेच. त्यांनी पलंगावरचा माझा खोका बघितला आणि कपाळाला हात लावला.

"असा नेता काय? इमानतळावर कष्टमवाले बसले हायेत. नवा दिसला की धरते. खोका फेका, थर्माकोल फेका, बिल फाडा. इचारलं त म्हना, घरचाच व्हय, हिशेबासाठी आनला होता."

"मास्टर, खोका फेक दो, चलो ठीक है," धाडवाले नानखटाई बांधता बांधता म्हणाले. "बिल काहेको फाडते? जूते में रख लो. कागद का क्या वजन?"

"अन् जूता पायला मंग?" शेठ म्हणाले.

धाडवाल्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी इतकी वर्षं मोठेपणाच्या सोंगांना हसत आलो होतो. पण आठ देश फिरलेला माणूस समोर उभा राहिला तेव्हा मी त्याचंच ऐकलं. बिलाचे चार तुकडे केले आणि हॉटेलच्या टोपलीत टाकले. त्या टोपलीवरही सोनेरी कड होती. पाटीवरचं वाक्य मला आठवलं नाही. ते गिऱ्हाइकासाठी होतं.

मुंबईच्या विमानतळावर कस्टमचे साहेब मोबाईल बघत बसले होते. आमच्याकडे मान वर करूनही त्यांनी पाहिलं नाही. माणशी एक लॅपटॉप बिनधास्त आणता येतो, बिल हातात धरून आणता येतो, हे पुतणीनं नंतर मला नेटवर दाखवलं. इतकी पुस्तकं वाचली, तेवढा एक नियम वाचायचा राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाऊ म्हणाला, "चाल, वावरात जाऊ." तो मला कधी वावरात बोलवत नाही. कापूस छातीएवढा उंच झाला होता, हिरवागार, आणि झाडाझाडाला बोंडं लटकलेली. मला तर फार चांगला वाटला. मी तसं म्हणालोही. त्यानं एक फूल तोडून माझ्या हातात दिलं. पाकळ्या एकमेकींना चिकटून गुलाबाच्या कळीसारख्या मिटलेल्या होत्या. याला डोमकळी म्हणतात. अळी आत बसून पाकळ्या शिवून टाकते. मग त्यानं एक बोंड अंगठ्यानं फोडलं. आत कापूस नव्हता, पिवळट चिकट काहीतरी होतं आणि त्यात तांदळाच्या दाण्याहून थोडी मोठी एक अळी. गुलाबी. साडीचा काठ असावा इतका सुंदर रंग. दुसरं फोडलं, तिसरं फोडलं. चौथं फोडायला लागला तेव्हा मी त्याचा हात धरला.

"कधीपासून?"

"तू गेल्यावर दोन-तीन दिवसानं पायलं मी."

"अन् मी फोन केला तवा?"

"तवा इथंच उभा होतो. या धुऱ्यावर." त्यानं बांधाकडे हात केला.

"मंग मले काऊन नाही सांगितलं?"

"सांगतलं असतं त तू घेतला असता काय?" त्यानं बोंडाची टरफलं मातीत टाकली. "दुकानातून वापस आला असता. ओळखतो ना मी तुले."

पहिल्या वेच्याचा कापूस त्यानं आधीच विकला होता, घराला ठेवायचा तोच. ते पैसे माझ्या खिशात बँकॉकला गेले होते. दुसरा वेचा लागणार नाही हे ठाऊक असताना त्यानं लॅपटॉपचा रंग निवडला होता.

त्या आठवड्यात दुकानासमोर माणसं येऊ लागली. कुणी आवाज चढवला नाही. चढवला असता तर सोपं गेलं असतं. एकेक जण यायचा, खिशातून चार बोंडं काढायचा, गल्ल्यावर ठेवायचा आणि बाकावर बसायचा. संध्याकाळी मी ती बोंडं टोपलीत भरायचो. समोर चौकात फ्लेक्स अजून होता. एकानं त्याच्याकडे बघत मला विचारलं, "शेठ, थायलंडले अळी असते काय हो?" आजवर मला कुणी शेठ म्हटलं नव्हतं. भाऊच म्हणायचे.

कंपनीचा माणूस फोन उचलेना. मग शासनाचे अर्ज आले. तक्रार लिहायची, सोबत सातबारा, बियाण्याचं पक्कं बिल, असलं तर पाकीट आणि टॅग. माझं अक्षर बरं, म्हणून गावचे अर्ज मीच भरले. ज्यानं बी विकलं त्याच्याच हातानं बियाण्याविरुद्धची तक्रार. निम्म्या लोकांकडे बिल होतं. काहींनी ते विड्यांच्या बंडलात, काहींनी देवघरातल्या पोथीत ठेवलेलं होतं. पाकीट मात्र फार थोड्यांकडे. ज्यांचे सगळे कागद पूर्ण होते त्यांचंही पुढे फार भलं झालं असं नाही. पण त्यांना निदान रांगेत उभं राहता आलं.

भाऊ रांगेत आला नाही. एके दुपारी गिऱ्हाईक नसताना मीच बिलबुक घेऊन घरी गेलो. त्यात जूनमधली दोन पानं कोरी सुटली होती. अशी पानं प्रत्येक दुकानात सुटलेली असतात.

"भाऊ, जूनची तारीख टाकून करतो. कोणाले समजत नाही."

तो चारा कापत होता. हात न थांबवता म्हणाला, "मंग जूनमदीच काऊन नाही केलं?"

"घरच्याले कोनी बिल करते काय?"

"नाही करत," तो म्हणाला. "तेच सांगून राह्यलो. बी तू खरं देल्लं म्हनते. मंग बिल खोटं काऊन घेऊ मी?"

मी बिलबुक मिटलं. वहिनी दारात उभी होती, ती आत गेली.

पुतणीला यातलं फार काही कळू द्यायचं नाही असं ठरलं. तिनं लॅपटॉप उघडला तेव्हा कळांवरून बोटं फिरवत ती म्हणाली, "काका, याच्यावर तर कोणी माझा पासवर्डही चोरू शकत नाही." पुण्याला गेल्यापासून तिनं "मले" सोडून "मला" धरलं होतं. वर्गात हसतात म्हणाली.

संक्रांतीला ती आली तेव्हा तिनं मला प्रकल्प दाखवला. ओट्यावर मांडीवर लॅपटॉप घेऊन बसली. पडद्यावर आमचं वावर होतं. धुऱ्यावरचं कडुनिंब, विहिरीचा तुटका कठडा, सगळं. खेळ साधा होता. पाऊस यायच्या आत कापूस वेचायचा. आपण ओळीतून चालत गेलो की बोंडं एकामागून एक उमलत जायची, पांढरी, स्वच्छ.

"यात अळी नाही?" मी विचारलं.

"नाही काका. मी टाकलीच नाही." मग म्हणाली, "बाबांना इतक्यात सांगू नका. पूर्ण झाला की त्यांनाच खेळायला लावणार आहे मी. त्यांना माऊस धरता येईल ना?"

"बैल धरते, माऊस काय," मी म्हणालो.

तिचे बाबा त्या वेळी त्याच वावरात पऱ्हाटी उपटत होते. कापसाची वाळलेली झाडं उपटायला त्यानं त्या साली मजूर लावले नव्हते. एकटाच उपटायचा. चौकातला माझा फ्लेक्स तोवर खाली आला होता. कुणीतरी तो भावाला दिला आणि त्यानं कुटाराच्या ढिगावर झाकला. गोठ्याकडे गेलं की काळा चष्मा लावून मी चाऱ्यावर पसरलेला दिसायचो.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात सकाळी फोन आला. मी दुकान झाडत होतो.

"काका, स्क्रीन काळी झाली. खेळ सुरू केला की बंदच पडते. साधं काम होतं, पण प्रकल्प चालतच नाही." तिनं श्वास घेतला. "दुरुस्तीवाले म्हणतात, वॉरंटी आहे. बिल द्या. तुमच्याकडे असेल ना?"

पाटी माझ्या समोरच होती, कारण झाडताना तोंड भिंतीकडे होतं.

"काका? बिल त ठेवलं असन ना तुमी?" ती म्हणाली. "आता पंधराच दिवस राह्यले. मले काहीच सुचून नाही राह्यलं."

मी चिखलीहून एस.टी.नं पुण्याला गेलो. दुरुस्तीच्या ऑफिसात काचेपलीकडे एक नम्र मुलगा होता. बिल? नाही. खोका? नाही. मग दुकानाचं नाव तरी सांगा, तिकडे मेल करून बघू. मी म्हणालो, "चौथा मजला, सरकत्या जिन्याच्या डाव्या हाताला." तो हसला नाही. त्यानं लॅपटॉप पालथा करून नंबर बघितला आणि म्हणाला की हा नंबर तिकडच्या देशाचा आहे, बिलाशिवाय काही करता येत नाही. आतलं ग्राफिक्सचं कार्ड जळलंय, ते बोर्डासकट बदलावं लागेल, त्यापेक्षा नवाच घ्या. मग तो म्हणाला, "सर, तुमची अडचण मला समजते. पण कागद नसला तर आमचे हात बांधलेले असतात."

हे वाक्य माझं होतं. शब्द न् शब्द माझा. आवाजही तसाच खाली आणलेला. त्या हिवाळ्यात ते मी किती जणांना ऐकवलं असेल ते मला सांगता येणार नाही. पुतणी शेजारी उभी होती. तिनं लॅपटॉप उचलून पिशवीत घातला आणि मला म्हणाली, "चला काका, चहा घेऊ."

मी नवा घेऊन देतो म्हणालो. तिथेच, रस्त्याच्या पलीकडे दुकान होतं. तिनं आधी बाबांना फोन केला. मला फक्त तिच्याकडचं ऐकू आलं. "हो... नाही... हो, बरं." फोन ठेवून म्हणाली, "बाबा नाही म्हणतात." पुढचं मला गावी गेल्यावर भावानं तोंडावर सांगितलं. रागावून नाही, दमल्यासारखं. "तुह्या हातचं आता काही नको. तुह्या मनात खोट नाही, माहीत हाय मले. पन नको."

ती कॉलेजच्या मशीनवर, मैत्रिणींच्या लॅपटॉपवर जमेल तेवढं करत राहिली. पंधरा दिवसांत ते झालं नाही. वर्ष गेलं. जूनमध्ये पुन्हा फी भरायची होती आणि वावरात तेव्हा फक्त नांगरलेली माती होती. भाऊ जाऊन तिचं सामान घेऊन आला. एक पत्र्याची पेटी, गादी आणि तो लॅपटॉप. घरात कुणी कुणाला दोष दिला नाही. जेवताना भाऊ माझ्याशी बोलायचा, पण तेवढंच: भाजी, पाऊस, कुणाचं लग्न. त्या साली त्यानं कापूस सोडून सोयाबीन पेरलं आणि बियाणं चिखलीहून दुसऱ्या दुकानातून आणलं. डोक्यावर थैली घेऊन तो माझ्या दुकानावरून गेला. सगळ्या बाजारानं ते पाहिलं. पुढच्या सालीही तसंच.

पुतणीनं बाहेरून बी.ए. केलं. त्यानंतर दोन वर्षांनी एके दिवशी ती आपण होऊन दुकानात आली, लॅपटॉप गल्ल्यावर ठेवला आणि म्हणाली, "बिलाला चालेल हा. बिलाला ग्राफिक्स लागत नाही." तेव्हापासून ती बसते. काम चोख. एका पाकिटाचंही बिल, त्यावर लॉट नंबर, गिऱ्हाइकाची सही, आणि ती लहान पुडी कडेनं कशी पेरायची ते पुन्हा पुन्हा सांगणं. लोक कंटाळतात. "बाई, शाळेत मास्तरीण व्हायला पायजे होती तू," म्हणतात. ती वावराची फाइल तिनं पुसलेली नाही. आत आहे. उघडायला गेलं की मशीन बंद पडतं, म्हणून कुणी उघडत नाही.

गेल्या मृगात, पेरणीच्या गर्दीत, भाऊ दुकानाच्या पायरीवर येऊन उभा राहिला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. मी खुर्चीवरून उठलो, पण तो माझ्याकडे आला नाही. सरळ तिच्यापुढे जाऊन उभा राहिला आणि सोयाबीनच्या दोन थैल्या मागितल्या. तिनं लाल कळांवर बोटं चालवली, त्याचं पूर्ण नाव लिहिलं, गावाचं नाव लिहिलं, लॉट नंबर दोनदा तपासला. कागद बाहेर आला. तिनं तो त्याच्यापुढे केला.

"घरच्यालेबी बिल?" भाऊ म्हणाला.

"घरच्याले त आधी, बाबा. सही करा. अन् थैली फेकू नका, पीक निघेलोग ठेवा."

त्यानं सही केली. बिल लांब धरून सावकाश वाचलं, घडी घातली आणि बंडीच्या आतल्या खिशात ठेवलं. मग बराच वेळ तो त्या पेटलेल्या कळांकडे बघत राहिला.

"तुही माय म्हने, याच्यात आपलं वावर हाय."

"हाय."

"दिसत नाही?"

"नाही दिसत, बाबा."

त्यानं मान हलवली आणि पहिली थैली खांद्यावर घेतली. दुसरीला वाकला तेव्हा मी पुढे झालो आणि ती उचलून त्याच्या दुसऱ्या खांद्यावर ठेवली. तो नको म्हणाला नाही.